शालन, तुझी शेवटची ओळ त्यांनी गाळली

शालन, तू गेलीस त्याचा राग मी नंतर काढणार आहे. आधी त्यांनी तुझ्या कवितेचं काय केलंय ते ऐक.

तुझ्या दशक्रियेचा फ्लेक्स एसटीच्या थांब्यावर लागला. निरोप समारंभातला तुझा फोटो घेतलाय, नाकावर घसरलेला चष्मा कंप्युटरवर नीट बसवलाय आणि तुला चांगली गोरी करून टाकलीय. दोन्ही बाजूंना हात जोडलेले पुढारी आहेत, तुझ्यापेक्षा मोठ्या आकारात. आणि मधोमध तुझी ‘खिंड’. मी पिशवी हातात धरून वाचायला लागले आणि अडखळले, कारण कविता पुरी झालीच नव्हती. शेवटची ओळ नव्हती. वाटलं, जागा पुरली नसेल, खाली कुठे तरी बारीक अक्षरात असेल. खाली होतं ‘शोकाकुल’, आणि त्याखाली अख्ख्या भावकीची नावं, बांधाच्या भांडणात तुझ्याशी बोलणं टाकलेल्यांचीसुद्धा. त्यांना जागा पुरली.

कविता तुला पाठ आहे. तरी मी इथे लिहून काढते, कारण ती कुठे तरी पुरी असली पाहिजे.

खिंड ओलांडली की माझं गाव संपतं.
पुढं काय आहे, मला ठाऊक नाही.
सोबत कुणी नको, वाट सांगणारंही नको;
सांगितलेली वाट मला जुनी वाटते.
भीती आहे. ती पदराला बांधून घेतली आहे.
कधी येशील, असं विचारू नका.
निघाले.
चूल विझवलेली नाही.

फ्लेक्सवरची कविता ‘निघाले’वर संपली होती. मी तशीच तुझ्या घरी गेले. विजय अंगणात मांडववाल्याशी बोलत होता. मी म्हटलं, “विजय, ओळ कुठे गेली?”

“कुठली ओळ, मावशी?”

“शेवटची. तुझ्या आईची.”

तो माझ्याकडे न बघता ओट्यावर बसलेल्या अण्णांकडे बघायला लागला. तुझे चुलत दीर ते, तुझ्या हयातीत तुझी एक कविता त्यांनी वाचली नाही, आणि आता संपादक झाले होते. ते म्हणाले, “बाई, म्याच काढाय लावली. मयताच्या घरात चूल बंद असती. आन् आपण भर थांब्यावर लिव्हायचं, चूल विझवलेली न्हाई? लोकं काय म्हनत्याल? ह्यांच्यात सुतक पाळीत न्हाईत का काय?”

“अण्णा, ती कविता आहे. ह्या घरातल्या चुलीची बातमी नाही.”

“मंग तर झालंच की. कविताच हाय तर वैकुंठाला निगाली आसं दिसू द्या. ते बरं दिसतं.”

बघ शालन. तुझ्या घरात चूल बंद होती हे खरंच. पहिल्या दिवशी आळीतून पिठलं-भाकरी आली, दुसऱ्या दिवशी तुझ्या माहेराहून भाताचं पातेलं आलं, पार डिंभे धरणाच्या वरच्या अंगाहून, फडक्यात बांधून. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. पण तू तरुणपणी लिहिलेल्या कवितेलाही सुतक लागू होतं, हे मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या वार्षिक अंकात ती छापली तेव्हा तुझं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती, मी नुकतीच शाळेत गणित शिकवायला लागले होते, आणि आपण दोघी धडधाकट होतो. तेव्हा कुणाच्या घरातली चूल बंद होती?

दशक्रियेला घाटावर माणूस मावत नव्हतं. तुझे विद्यार्थी लांबलांबून आले होते, आपल्या लोणीतलं तर घरटी माणूस होतं. एवढ्यासाठी मी त्या गर्दीला माफ केलं. पण माइकवरच्यांना नाही. आपल्या भागात माणूस मेलं की त्याला आधी भाषणं ऐकावी लागतात, मग मुक्ती. निवेदक आलेल्या पाहुण्यांची नावं वाचत होता आणि पिंडापेक्षा त्या यादीकडेच सगळ्यांचं लक्ष होतं. एका पुढाऱ्याने सांगितलं की बाईंनी आम्हाला घडवलं. तो आपल्या शाळेत एक दिवससुद्धा नव्हता, शालन. मी हजेरीपट भरलेत, मला माहीत आहे.

मग महाराज उठले. प्रवचन तुझ्या कवितेवरच होतं. “खिंड म्हणजे काय, मंडळी? खिंड म्हणजे हा देह! गाव म्हणजे संसार! सोबत कुणी नको म्हणजे काय? धन येत नाही, पुत्र येत नाही, गणगोत घाटावरूनच माघारी फिरतं!” मंडळी माना डोलवत होती. बायका डोळे पुसत होत्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्थ बसत होता. ओळीमागून ओळ चपखल बसत होती. उदाहरणातली एक पायरी खोडली की चुकलेलं उत्तरही बरोबर दिसायला लागतं, हे मी फळ्यावर हजार वेळा पाहिलंय. शेवटची ओळ असती तर महाराजांना विचारता आलं असतं की वैकुंठाला निघालेली बाई मागे चूल कशाला ठेवते. पण ओळच नव्हती, मग विचारणार काय?

त्यांच्यानंतर तुझा तो लाडका विद्यार्थी आला, निबंधात पहिला येणारा. अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि आता पुण्यात कंपन्यांतल्या लोकांना भाषणं देत फिरतो. तो म्हणाला, “मॅडमची ही पोएम मी प्रत्येक सेशनला वापरतो. खिंड म्हणजे आपला कम्फर्ट झोन! भीती पदराला बांधा, म्हणजेच फिअर मॅनेज करा!” मला हसू आवरेना आणि राग आवरेना. तू कम्फर्ट झोनमध्ये कधी होतीस गं? पहाटे उठून सासूचं करायचीस, मग नवऱ्याचं, मग विजयचं, मग शाळा, मग शाळेच्या कामासाठी एसटीत उभ्याने मंचरला जायचीस, आणि आल्यावर पुन्हा भाकऱ्या. तुझा झोन कुठला होता ते त्याने मला दाखवावं.

मी उठून निवेदकाकडे गेले आणि माइक मागितला. तो हात जोडून म्हणाला, “बाई, यादी मोठी हाय. आन् महिला कुणी बोलत न्हाईत हितं. तुमी घरी बोला ना निवांत.” मी त्याला म्हटलं की जिची दशक्रिया चालली आहे तीही महिलाच आहे. तो म्हणाला, “व्हय, पन त्या कुठं बोलत्यात?”

आणि मग कावळा. मी मनात म्हटलं, आता बघा. आता ही बया बसवणार सगळ्यांना उन्हात. काही तरी राहिलं असेलच तिचं, निदान ती ओळ तरी. पण पिंड ठेवून लोक मागे सरले न सरले तोच कावळा आला आणि त्याने सरळ घास उचलला. “शिवला! शिवला! लगीच शिवला!” केवढा आनंद लोकांना. माझ्या शेजारची म्हणाली, “लई समाधानी बाई. काय म्हनून इच्छा राहिली नव्हती.” ती बिचारी चांगल्या मनाने म्हणाली असेल, पण मला तिचा राग आला आणि तिच्यापेक्षा जास्त तुझा. काहीच राहिलं नव्हतं? माझ्याशी बोलायचं काहीच राहिलं नव्हतं? जरा तरी अडवायचंस त्याला.

तुझ्याशी भांडायला मी कायम तयार असायचे, त्याला कारण तूच. गणितात उत्तर असतं. पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. तुझ्या मराठीच्या तासाला मात्र पोरं बाहेर यायची ती गोंधळून. एकदा दहावीतल्या एका पोरीने तुला स्टाफरूमच्या दारात अडवलं. “बाई, कवितेचा अर्थ सांगा ना, परीक्षेला येईल.” तू म्हणालीस, “अर्थ गाइडात आहे, तो परीक्षेत लिही. कविता पुस्तकात आहे, ती घरी घेऊन जा.” पोरगी निघून गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. म्हटलं, हा शुद्ध कामचुकारपणा आहे, उद्या मीही पोरांना सांगते की उत्तर गाइडात आहे, प्रमेय घरी न्या. तू डबा उघडत म्हणालीस, “सांग की. निदान एक तरी पोरगं प्रमेयाबरोबर जेवेल.” मी माझा डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

‘खिंड’बद्दल तर मी तुला किती छळलं. माझा पहिला अर्थ असा होता की तू माहेरच्या वाडीवरून खिंड उतरून जुन्नरला शिकायला आलीस, वाडीतली पहिली मुलगी, त्याची ही कविता. मला माझा फार अभिमान वाटला होता. तू म्हणालीस, “नाही गं. तेव्हा बाबा होते सोबत. डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. वाटभर वाट सांगत होते.” झालं. मग मी म्हटलं, ही लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीची कविता आहे. तू म्हणालीस, “माझ्या वरातीत दोन टेम्पो माणसं होती.” मग मी चिडून म्हटलं, मग काय आहे ते तूच सांग एकदाची. तू म्हणालीस, “तुला काय हवंय?” ह्याला काय उत्तर म्हणतात? पोरांशी असं वागणं एक वेळ समजू शकते. मी तुझी मैत्रीण होते.

आणि मग तुझ्या त्या वाऱ्या, म्हणजे कुठल्याही देवाच्या नव्हेत, एसटीच्या. कधी दिवाळीच्या सुट्टीत, कधी मे महिन्यात, तुला एकदम लहर यायची. कापडी पिशवीत एक लुगडं कोंबायचीस, मंचरच्या स्टँडवर जायचीस आणि जी गाडी आधी लागेल तिच्यात चढायचीस. पाटी वाचायची नाही, हा तुझा नियम. आपल्या इथे बाई एकटी बाहेर पडते ती कुणी तरी आजारी असतं म्हणून, किंवा कुणाचं लग्न असतं म्हणून, किंवा घरात भांडण झालेलं असतं म्हणून. तुझं तिन्हींपैकी काहीच नसायचं, आणि लोकांना हेच सहन होत नव्हतं. आळीत बायका मला विचारायच्या, “शालनबाईचं घरात काय बिनसलंय का?” बायको कुठे गेली हे सांगताना भाऊजी बिचारे, होते तोवर, शरमायचे. पुढे विजय मोठा झाल्यावर तोही वैतागायचा, “आई, उसाउसात बिबटे आहेत, आणि तू एकटी कुठे हिंडतेस?” तू त्याला म्हणालीस की बिबट्याने अजून तरी मला कुठे निघालीस म्हणून विचारलेलं नाही, बाकी सगळ्यांनी विचारून झालंय.

आणे गावातली गोष्ट आठवते? त्या वेळी तू आळेफाट्यावरून वर पठारावर जाऊन पोचलीस. गाडीतून उतरलीस ती एका खळ्याजवळ, वारा असा की पदर डोक्यावर राहीना, आणि तुला तहान लागली. एका घरात पाणी मागितलंस. त्या घरच्या बाईने तांब्या दिला आणि विचारलं, “पावणं कुणाचं?”

तू म्हणालीस, “कुणाचीच नाही. अशीच आले बघायला.”

बघायला म्हणताच त्या बाईचा चेहरा उजळला. “आवो मंग बसा ना! पोरगी न्हाई आमच्यात, पोरगाच हाय. पन लई गुणाचा. पोल्ट्री हाय त्याची.” तिने तुला चहा केला, पोह्यांचं ताट पुढे ठेवलं, नवरा शेतातून धावत आला, त्याने टोपी बदलली. एकटी मास्तरीण बाई हातात पिशवी घेऊन एवढ्या उन्हात आली म्हणजे स्थळ काढायलाच आली, दुसरं काय असणार? तू परोपरीने सांगितलंस की तसं काही नाही. त्यांना वाटलं, बाई जपून बोलतायत, घाईने होकार देत नाहीत. शेवटी तू त्या पोराचा बायोडाटा आणि फोटो घेऊनच घरी आलीस. आणि मग वर्षभर स्टाफरूममध्ये ज्याला त्याला दाखवत होतीस. चाकणकडची एक मुलगी जमवूनही दिलीस त्याला, नतद्रष्टे. त्या लग्नाला तुझा मान केवढा झाला, तू अहेराची साडी नेसून आलीस आणि मी हसून हसून जमिनीवर बसले.

पण हसून झालं की मला नेहमी एकच प्रश्न पडायचा आणि तो मी तुला कधी सरळ विचारला नाही, कारण सरळ विचारला तर तू सरळ उत्तर दिलं असतंस. मला का नाही नेलंस? मी घरात एकटी, माझ्यामागे ना लेकरू ना नवरा. सुट्टी दोघींना एकदमच लागायची. पिशवी माझ्याकडेही होती. तू एक वेळ जरी म्हणाली असतीस, कुंदा, चल, तर मी पायात चपला सरकवून निघाले असते. ‘सोबत कुणी नको’ ही ओळ आली की मी तिथेच अडकायचे. त्या ‘कुणी’मध्ये मी धरलेली होते का? सासू, नवरा, भावकी, आळीतल्या बायका, आणि मी, असे सगळे एका दावणीला? मला त्या कवितेचा अर्थ हवा होता तो एवढ्यासाठीच. बाकीच्या ओळींचं मला काहीही करायचं नव्हतं.

मला नेण्याऐवजी तू काय करायचीस? तर किल्ली द्यायचीस. “कुंदा, सासूबाईंना रात्री मऊ भात लागतो. विजय भाकरीचा पापुद्रा काढून टाकतो, त्याचं ऐकू नकोस. मांजराला आत घे.” आणि चाललीस. मी तुझ्या घरात तुझ्या चुलीपुढे बसून, पुढे मग तुझ्या गॅसपुढे उभी राहून, भात टाकायचे आणि मनातल्या मनात तुला शिव्या घालायचे. परत आलीस की पहिल्यांदा माझ्याकडे यायचीस, पाय न धुता, आणि सगळं सांगायचीस, कुठे उतरले, काय खाल्लं, कोण भेटलं. मी तोंड फुगवून ऐकायचे. ऐकायचे मात्र सगळं.

आता मंचरच्या दवाखान्याचं बोलते. छातीत दुखलं म्हणून तुला नेलं, मी गाडीत तुझ्याबरोबर होते. दुसऱ्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. डॉक्टर म्हणाले, धोका कमी झालाय. संध्याकाळी मी तुझ्या उशाशी बसले होते आणि तू म्हणालीस, “कुंदा, तू घरी जा.” मी म्हटलं, मी कुठेही जाणार नाही. तर म्हणालीस, “अगं, विजयची पोरं यायचीत चाकणवरून. बाहेरचं खातील काहीबाही. त्यांना गरम काही तरी करून घाल. जा ना.” मी वाद घातला. तू डोळे मिटून घेतलेस, म्हणजे वाद संपला. मी आले. सकाळी तुझ्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी कणीक मळत होते आणि फोन वाजला. विजय बाहेर बाकावर बसल्याबसल्या झोपला होता. आत तू एकटी होतीस.

मी तुला हे माफ करणार नाही, शालन. एसटीने जायचीस तेव्हा ठीक होतं, चार दिवसांनी परत यायचीस. पण तिथेही सोबत कुणी नको? तिथेही मला किल्ली देऊन वाटेला लावलंस? माझे हात कणकेने भरलेले होते, मला फोनसुद्धा नीट धरता आला नाही.

एवढं सगळं माझ्या मनात साचलेलं असताना घाटावरून आल्यावर विजयने आणखी एक बातमी दिली. तुझे माजी विद्यार्थी शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली दगडी बाक बसवणार आहेत, आणि त्याच्या पाठीवर ‘खिंड’ कोरणार आहेत. मला क्षणभर बरं वाटलं. मग तो म्हणाला, “फ्लेक्सवरचाच मजकूर दिलाय कारागिराला. फाइल तयार होती ना.”

मी ओरडलेच. घरात पाहुणे होते, त्यांच्यासमोर ओरडले. म्हटलं, फ्लेक्स महिनाभरात फाटून जाईल, दगड नाही फाटायचा. पिढ्यान् पिढ्या पोरं त्या बाकावर डबा खातील आणि त्यांना वाटेल की बाईंनी अर्धीच कविता लिहिली.

“मावशी, एका ओळीने काय एवढं होतं?”

“एका ओळीने तुझी आई मेलेली बाई होते. नाही तर पळून गेलेली. ती दोन्ही नव्हती. ती परत येणारी बाई होती, तिने लिहून ठेवलंय तसं.”

विजय गप्प बसणारा मुलगा. भाऊजींवर गेलेला. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज चढला. “मला नाही आवडत ती ओळ! अण्णांचं राहू द्या, ते काय, काहीही बोलतात. त्यांनी काढा म्हटल्यावर मला बरंच वाटलं, खरं सांगतो. लहानपणापासून नाही आवडत मला. चूल विझवलेली नाही म्हणे! ती कुठे होती चुलीपाशी? ती बसायची एसटीत. आजीला भात कोण भरवायचं? माझा डबा कोण करायचं? तुम्ही. आई गेली की आमची चूल तुम्ही पेटवायचात, मावशी. मग तिने तुमचं नाव तरी घालायचं होतं त्याच्यात.”

अण्णा ओट्यावर खाकरले. कुणी तरी मला पाणी आणून दिलं आणि मी ते प्यायलेसुद्धा.

शालन, हे खरं आहे का? मी एवढी वर्षं स्वतःला तिसऱ्या ओळीत शोधत होते, त्या ‘कुणी’मध्ये, आणि रुसत होते. आणि तू मला शेवटच्या ओळीत बसवून ठेवलं होतंस? चूल विझवलेली नाही, कारण तिच्यापाशी कुणी तरी आहे. म्हणूनच कधी येशील विचारू नका, म्हणूनच पाटी न वाचता चढता येतं. माझ्या भरवशावर तू खिंड ओलांडलीस, बये, आणि मला मात्र वाटत राहिलं की मला मागे टाकून ओलांडलीस. असं असेल तर मला सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लागलं होतं का? एक वाक्य पुरलं असतं. आभाराचं एक साधं वाक्य, तेही नको होतं, नुसतं कुंदा, ती शेवटची ओळ तुझी, एवढं म्हटलं असतंस तरी मी आयुष्यभर तुझ्या सासूला आनंदाने भात भरवला असता. भरवला तो भरवलाच, पण चडफडत भरवला.

किंवा असं काहीच नसेल. कविता लिहिलीस तेव्हा आपली ओळख किती जुनी होती? वर्षाची? तुझी पहिली एसटीची फेरी तेव्हा झाली होती की व्हायची होती, हे मला काही केल्या आठवत नाही. कदाचित ती नुसती चूल असेल, तुझ्या आईची, वाडीवरची, वरईचा भात शिजणारी, आणि तिच्यापाशी कुणीच नसेल. कदाचित तू घाईत निघालीस आणि चूल विझवायची राहिली, एवढंच. ह्याही अर्थाने ओळ बसते. मी बसवून बघितलीय.

पण मला माझा अर्थ आवडलाय, आणि तो मी सोडणार नाही. दवाखान्यातलं तुझं ते बोलणंही मी आता वेगळं लावून बघते. घरी जा म्हणालीस तेव्हा मला हाकलत होतीस असं मी धरून बसले होते. पोरांना गरम करून घाल, असं तू दुसऱ्या कुणाला म्हणाली असतीस? विजयची बायकोही त्या संध्याकाळी तिथेच होती. तिला नाही म्हणालीस. मला म्हणालीस. तुझे आभार मानावेत की तुला धरून गदागदा हलवावं, हे मला अजून ठरवता येत नाही. हलवावंसंच जास्त वाटतं.

काल विजयचा फोन आला. म्हणाला, कारागिराला सांगितलंय, ओळ घातलीय. अण्णांनाही विचारलं, तर ते म्हणाले, “शाळंत काय, तिथं कुनाचं सुतक? लिवा काय लिव्हायचं ते.” फोटो पाठवला त्याने. ‘निघाले’खाली जागा कमी होती म्हणून शेवटची ओळ जरा दाटीने बसलीय, पण आहे, खोल कोरलेली आहे, बोट घातलं तर लागेल अशी. विजय म्हणाला, “मावशी, आता खूश का?” त्याचा आवाज ओला होता. मी म्हटलं, “हो रे बाबा.” तोही तुझ्यावर चिडलाय अजून. चिडू दे. त्याला एकट्याला नाही वाटत तसं.

फोन ठेवला आणि मी चपला घालून निघालेच तुझ्याकडे. कवितेचा अर्थ लागला हे तुला सांगायला, तावातावाने, वाटेतच पहिलं वाक्य जुळवत. तुझ्या फाटकाची कडी काढली तेव्हा लक्षात आलं. तिथेच उभी राहिले, शेजारची म्हणाली, “बाई, काय पायजे का?” मी म्हटलं, काही नाही.

पाहिजे आहे, शालन. मी सांगितलेला अर्थ चूक आहे म्हणायला मला तू पाहिजे आहेस.